एलियोच्या वेण्यांची कैफियत

साओ पावलो, ४ ऑगस्ट

झेनोन,

पाकिटावरचं अक्षर ओळखूनही ते फोडलंस, म्हणजे माझी अर्धी लढाई झाली. फोन केला असता तर तू ठेवून दिला असतास, नाहीतर मीच ठेवला असता. आपण दोघं एकाच मातीचे. कागद मात्र बाजूला सारला तरी तिथंच पडून राहतो, आणि पडलेला कागद न वाचता तुला चैन पडत नाही. स्टेशनमास्तर म्हणून छत्तीस वर्षं काढलीस ती त्याच जोरावर.

आधी आभार मानते. काल संध्याकाळी माझी योव्हाना पोराला घेऊन तुझ्या दारात उभी राहिली आणि तू काही न विचारता तिला आत घेतलंस. तुझ्या ओर्तेन्सियानं शेंगदाण्याचं सार वाढलं, पोराला आंघोळ घातली, स्वतःची खाट सोडली. हे सगळं योव्हानानं फोनवर सांगितलं. सांगताना रडत होती, त्यामुळे अर्धं कळलं आणि अर्धं मी जुळवलं. सहा वर्षं ज्या घराशी मी बोलले नाही त्या घरानं माझ्या लेकीला ताट वाढलं. ओर्तेन्सियाला माझा नमस्कार सांग. माझं नाव ऐकून ती तोंड फिरवेल, तरी सांग.

आणि हेही लिहून टाकते, कारण तुला ते कळलेलंच असणार: निघताना मी योव्हानाला बजावलं होतं की सरहद्दीच्या गावात मामाकडे उतरायचं नाही, आगगाडीतून उतरायचं, पूल ओलांडायचा आणि पलीकडे बस पकडायची. तिनं माझं ऐकलं होतं रे. पूलच ओलांडू दिला नाही, त्याला ती काय करणार?

झालं ते असं. तिचा इथला राहण्याचा परवाना संपत आला. तो वाढवायला जन्मनोंदीची ताजी प्रत लागते, आणि ती आपल्या देशातूनच आणावी लागते. चार दिवसांचं काम. पोराला बरोबर नेलं. विल्नेरनं, माझ्या जावयानं, नोटरीकडे जाऊन लिहून दिलं की 'माझा मुलगा आईबरोबर जातोय, माझी हरकत नाही.' जाताना एलियो तिच्या खांद्यावर झोपला होता, कोणी फारसं पाहिलं नाही. येताना मात्र तो जागा होता. आपल्या बाजूचा अधिकारी चांगला माणूस असावा. म्हणाला, "जा बरं, पोरगी गोड आहे हो तुमची."

त्यावर आमचं पाच वर्षांचं बेणं म्हणालं, "मी पोरगी नाही. मी मुलगा आहे. मी बस चालवणार आहे."

अधिकारी हसला. मग त्यानं ओळखपत्र उलटंपालटं केलं आणि त्याचं हसू मावळलं. ओळखपत्रावर 'स्त्री' लिहिलंय. फोटोत दोन वेण्या. बापाच्या कागदावर 'मुलगा'. आणि समोर वेण्या घातलेलं पोर सांगतंय की मी मुलगा. पोरं पळवणाऱ्यांवर डोळा ठेवायला ज्याला बसवलंय त्यानं दुसरं काय करायचं? त्यानं त्यांना परत पाठवलं. त्याचा मला राग नाही. उद्या आपलं पोर खरंच कोणी पळवलं तर असाच माणूस तिथे असावा.

आमच्या घरात तीन देशांचे कागद आहेत, झेनोन. आई बोलिव्हियाची, बाप हैतीचा, पोर ब्राझीलचं. प्रत्येक देशाला वाटतं बाकीचे दोघं थापा मारतात. ओळखपत्र काढलं तेव्हा कुणा कारकुनानं वेण्या पाहिल्या आणि 'स्त्री'वर खूण केली, झालं. आणि बोलू नये, पण पोराचं जावळ वेळेत निघालं असतं तर हे झालं नसतं. पहिली बट कापायचा मान असलेला जावळाचा धर्मबाप कोण, ते तुला ठाऊक आहे.

त्यांना दोन घास घाल. मी इथून धावपळ करते.

निकानोरा

साओ पावलो, ११ ऑगस्ट

झेनोन,

बसवाल्यानं पिशवी पोचवली. वाळवलेले काळे बटाटे, चीजचा गोळा, आणि जुन्या वेळापत्रकाच्या पाठीवर तुझी एक ओळ: 'फॉर्मवर सही कोणाची?'

ना ताई, ना तब्येत कशी आहे. सहा वर्षांनी एक ओळ, तीही खात्याची चौकशी आल्यासारखी. ओर्तेन्सियानं मात्र बटाटे निवडून, माती झाडून पाठवले. तिला सांग, काल भिजत घातले. आपल्या आईच्या घरचा वास आला.

सही माझी.

एलियो तेव्हा अडीच वर्षांचा. योव्हानाच्या शिवणखान्यात शाळेच्या गणवेशांची घाई होती, विल्नेर बांधकामावर. मी म्हटलं, मी नेते. दोघांनी लिहून दिलं, मी नेलं. पोर माझ्या मांडीवर, मीच विणलेला लाल स्वेटर, लाल धाग्यांनी बांधलेल्या दोन वेण्या. खिडकीमागच्या बाईनं सगळं टाइप केलं, पडदा माझ्याकडे फिरवला आणि म्हणाली, नीट वाचा आणि सही करा. मी शाळेत गेले नाही हे तुला माहीत आहे. अक्षरं कापड बेतायच्या कागदांवरून शिकले, इथली भाषा बसच्या पाट्यांवरून. वाचता येतं, पण सावकाश. मागे रांग होती. सावकाश वाचताना कोणी पाहू नये म्हणून मी भराभर मान हलवली आणि सही ठोकली. मागच्या पत्रात मी त्या कारकुनावर ढकललं होतं, ते मागे घेते.

गुरुवारी मी त्याच कचेरीत गेले. खिडकीत एक तरुण मुलगी होती. म्हणाली, दुरुस्ती होते आजी, पण मुलाला आणा, अंगठा घ्यावा लागतो. मी म्हटलं, मुलगा पलीकडच्या देशात आहे. म्हणाली, मग घेऊन या. म्हटलं, आणता येत नाही, कारण हे ओळखपत्र चुकीचं आहे. म्हणाली, मग ओळखपत्र दुरुस्त करायला हवं. दोनदा आम्ही दोघी हे असं गोल फिरून आलो. तिसऱ्यांदा तीच हसायला लागली. ती हसली म्हणून मीही हसले, आणि मग मला रडू आलं. त्या मुलीनं खिडकी बंद केली, बाहेर आली, मला पाणी दिलं आणि आतून एका वयस्कर गृहस्थांना घेऊन आली. देव तिचं भलं करो, तिचं नाव विचारायचं राहिलं.

त्या गृहस्थांनी वाट दाखवली. तुझ्या शेजारच्या गावात ब्राझीलची वकिलात आहे. ती एकाच प्रवासापुरता परतीचा कागद देऊ शकते. त्यासाठी पोराच्या जन्मनोंदीची शिक्क्याची प्रत पाहिजे, ती मी काढली. जन्मनोंदीत 'पुरुष' असंच आहे, तिथे कोणाची सही चुकली नव्हती. बापाचं नवं संमतिपत्र पाहिजे. ज्यानं चुकीच्या फॉर्मवर सही केली त्याचा जबाब पाहिजे, तो मी सोमवारी देणार. आणि पोराचा ताजा फोटो, तो तुमच्याकडे काढायचा.

तू म्हणशील, बाप स्वतः का येत नाही. त्याचा पासपोर्ट तीन वर्षांपूर्वी संपला. नवा मागितलाय, पण त्याच्या देशात सध्या कोण कोणाला काय देतंय? तो पुलापलीकडे आला तर त्यालाही परत येता यायचं नाही, मग दोन खाटा सोडाव्या लागतील तुम्हाला. म्हणून तो इथे बसून तळमळतोय. संमतिपत्रासाठी पहाटेच नोटरीच्या दारात जाऊन उभा राहिला, दिवसाची मजुरी बुडवून. रोज संध्याकाळी कामावरून थेट माझ्याकडे येतो, एलियोच्या बुटक्या स्टुलावर बसतो. त्याचे गुडघे कानाला लागतात. विचारतो, "आई, काही कळलं?" मी नाही म्हटलं की उठून भांडी घासतो. मी वाढीन ते जेवतो. असा जावई मिळायला भाग्य लागतं.

हे मी लिहितेय, हे वाचून तू काय म्हणशील ते मला माहीत आहे. म्हण.

निकानोरा

साओ पावलो, १९ ऑगस्ट

झेनोन,

योव्हानाचा काल फोन आला. तू रेल्वेची टोपी घालून तिला आणि पोराला वकिलातीत नेलंस, सगळे कागद क्रमानं लावून, दोऱ्यानं बांधून. तिथल्या दोना नेइदे नावाच्या बाईंनी तो गठ्ठा पाहून तुला विचारलं म्हणे, की तुम्ही आमच्याकडे नोकरीला येता का. मला खूप हसू आलं आणि अभिमानही वाटला.

त्या बाईंनी सांगितलं ते योव्हानानं मला नीट समजावलं. पुलावर पोर जसं उभं राहणार तसाच फोटो हवा. वेण्या ठेवायच्या तर ठेवा, कापायच्या तर आधी कापा. फोटो निघाला की केसाला हात लावायचा नाही. आता चेहऱ्यात जरासाही फरक नको. आणि योव्हानाला कापायचे आहेत. एलियोलाही. त्या अधिकाऱ्याचं 'पोरगी' त्याच्या मनाला लागलंय, त्याला बाबांसारखं डोकं पाहिजे.

मग योव्हाना म्हणाली, मामा कात्रीला हात लावत नाहीत. म्हणतात, "ताईला विचारल्याशिवाय नाही."

झेनोन, सगळं काम माझ्या एका शब्दासाठी अडलंय आणि तू, ज्याच्याशी मी सहा वर्षं एक शब्द बोलले नाही, तू माझ्या शब्दासाठी थांबलायस. हे ऐकून मी मशीन थांबवलं. अर्धी बाही सुईखाली तशीच आहे.

योव्हानाला आजच फोनवर सांगितलं, काप म्हणावं. पण तुला तेवढ्यानं भागणार नाही आणि मलाही नाही.

आपल्याकडे जावळ तिसऱ्या वर्षी निघतं. पोरगा पाच वर्षांचा झाला. शेजारणी विचारायच्या, अगं, काय हे, त्याला शाळेत पोरं चिडवतील. शिवणखान्याचा मालक म्हणाला मी होतो धर्मबाप. चर्चमधल्या दोन बाया म्हणाल्या. मी सगळ्यांना सांगायचे, पोराची आई बाळंतखाटेवरच बोलून बसली आहे, जावळ तिचा मामाच काढणार, दुसऱ्या कोणाच्या हातात कात्री जायची नाही. ते खरं होतं. मी फक्त हे सांगत नव्हते की मामाला बोलवायचं काम माझ्याकडे होतं आणि मी ते करत नव्हते. तुला बोलवायचं म्हणजे आधी त्या दिवसाबद्दल बोलावं लागणार.

बोलते. योव्हानाच्या लग्नाला तू तीन दिवसांचा प्रवास करून आलास. मी लग्नाला जाणार नव्हते. तू माझ्या दारात उभा राहून समजावलंस. मी म्हटलं, ज्या माणसाच्या खिशात एक धड कागद नाही, ज्याचं गाव नकाशात बोट ठेवून दाखवावं लागतं, त्याला मी मुलगी देऊ? त्याच्या रंगाबद्दलही बोलले, ते इथे लिहवत नाही. तू आवाज न चढवता म्हणालास, "ताई, तू इथे आलीस तेव्हा तुझ्या खिशात काय होतं?" मी दार लावून घेतलं. तू टोपी उचललीस, ते मी फटीतून पाहिलं. तू एकटा तिच्या बाजूनं लग्नाच्या सहीला गेलास, आणि मी घरात बसून कुणा तिऱ्हाइताच्या पडद्यांना झालर लावली.

दुसरी गोष्ट याहून वाईट आहे. कालच्या जबाबात त्या गृहस्थांनी विचारलं, चूक तुमच्या लक्षात कधी आली? योव्हानाला वाटतं सरहद्दीवर आली. तुलाही मी तसंच वाटू दिलं. खरं म्हणजे ओळखपत्र दहा दिवसांनी टपालानं घरी आलं त्याच दिवशी मी ते खिडकीपाशी बसून सावकाश वाचलं. 'स्त्री' वाचलं. दोनदा वाचलं. आणि खणात टाकलं.

का, ते सांगते. मी तोंड उघडलं असतं तर योव्हाना म्हणाली असती, वेण्यांमुळे झालं, आता मामाला बोलव आणि कापून टाक. म्हणून मी गप्प बसले. मनाला सांगितलं, ओळखपत्र कोण बघतंय, पोर कुठे जाणार आहे. अडीच वर्षं ती चूक माझ्या खणात होती, निघताना मीच ती पाकिटात घालून दिली, आणि माझ्या पोरीला ती पुलावर सापडली.

जबाबात मी लिहिलं: 'त्याच दिवशी.' त्या गृहस्थांनी चष्म्यावरून पाहिलं. शिक्का मारला. योव्हानाला अजून सांगितलेलं नाही. आधी तुला सांगतेय.

तर काप. तू वेण्या सोड, पहिली बट तू काप, मग ओर्तेन्सिया, मग योव्हाना. शेजारपाजारचे आले तर त्यांनाही एकेक बट कापू दे. मी असावं असं मला फार वाटत होतं. पाच वर्षं मी स्वतःला सांगत आले की माझ्या मांडीवर बसवूनच होईल. नाही झालं. ज्याच्या हातानं व्हायला हवं होतं त्याच्या हातानं होतंय, हे पुरे.

निकानोरा

साओ पावलो, १४ सप्टेंबर

माझ्या झेनोन,

त्या दिवशी पुलावर जे व्हायचं ते झालं नाही, म्हणून हे पत्र.

परतीचा कागद मिळाल्याचं कळलं तशी विल्नेरनं दोन तिकिटं काढली. एक त्याचं, एक माझं. मी म्हटलं, मी कशाला, बावीस तास कंबर मोडायची. तो म्हणाला, "नातू येतोय आई. तुम्ही घरी बसून काय करणार, माझ्यासाठी भांडी ठेवणार?" आम्ही दोघं शेजारी शेजारी इतका वेळ कधी बसलोच नव्हतो. बाहेर गुरं आणि वाळलेलं गवत, दूरवर कुठेतरी रान पेटल्याचा धूर. सहाव्या तासाला मी त्याला खणातल्या ओळखपत्राचं सांगितलं. अगदी सगळं सांगितलं, 'त्याच दिवशी' सुद्धा.

मला वाटलं आता हा पुढच्या थांब्यावर जागा बदलणार. मग म्हणाला, "मलाही माहीत होतं."

मी म्हटलं, काय माहीत होतं?

"मी पण खणात पाहिलं होतं. वाटलं, आजी आहे, स्वतःच सांगेल. मग वाटलं, मी बोललो तर म्हणाल, हा कागदांचा शहाणा आला, ज्याच्या स्वतःच्या खिशात धड कागद नाही." आणि हसला. "मग मी म्हटलं, जाऊ दे. मामाला बोलवाल तेव्हा दोन्ही कामं होतील."

म्हणजे मी दारात तुला जे बोलले ते त्याच्यापर्यंत पोचलं होतं. सहा वर्षं ते पोटात ठेवून तो माझी भांडी घासत होता. मी त्याला माझ्या डब्यातलं अंडं सोलून दिलं. त्यानं अर्धं मला परत दिलं. एवढंच झालं आमच्यात, पण मला वाटतं योव्हानाच्या लग्नाला मी त्या बसमध्ये गेले.

पुलाच्या अलीकडे आम्ही दहा वाजता उभे राहिलो. त्याला पासपोर्ट नाही, माझं बोलिव्हियाचं ओळखपत्र संपून चौदा वर्षं झाली. आम्हा दोघांनाही रस्त्यावरच्या सरहद्दीच्या पट्टीपुढे जाता येत नव्हतं. आणि आमच्या समोरून कांद्यांच्या पोत्यांच्या हातगाड्या येत होत्या, जात होत्या, त्यांना कोणी काही विचारत नव्हतं. मी वेण्या शोधत होते. सवयीचे डोळे. योव्हाना दिसली, तुझी टोपी दिसली, आणि वेण्या काही दिसेनात. तेवढ्यात एक बोडकं पोर माझ्या पोटावर येऊन आदळलं. त्याच्या डोक्यावर हात ठेवला तर खरखरीत लागलं. माझ्या हातांनी पाच वर्षं विंचरलेलं डोकं, आणि मला ते नवंच होतं. केवढे कान आहेत रे त्याला! आपल्या बाबांचे आहेत.

पोलिसानं त्याला बोलावून कागद पाहिला, फोटो पाहिला. विचारलं, "तू कोण?"

"एलियो. मुलगा. आणि माझी एक कोंबडी आहे, ती मामाआजोबांकडे आहे. तिला कागद नाहीत."

पोलीस म्हणाला, "मग बरं केलंस, तिकडेच ठेवलीस." आणि शिक्का मारला. एवढा लहान आवाज, झेनोन, आणि त्यासाठी सव्वीस दिवस.

विल्नेर तिथेच रस्त्यावर खाली बसला. योव्हानाला तो आधी दिसलाच नाही, मग ती पण खाली बसली. लोक त्यांना वळसा घालून जात होते.

तू पुलाच्या मधोमध थांबला होतास. तुझ्या गावची माणसं दिवसातून दहा वेळा अलीकडे येतात, तुला कोणी अडवलं नसतं. तू माझ्याकडे पाहत होतास. तू वाट पाहत होतास की मी हात करते का. माझा हात पोराच्या डोक्यावर होता. तो मी उचलला नाही. का नाही उचलला? तुला जवळून पाहिलं असतं तर सगळ्यांसमोर माझं तोंड वेडंवाकडं झालं असतं म्हणून. दुसरं काही कारण नाही. तू टोपी उचललीस आणि वळलास. मी तोंड उघडलं तेव्हा कांद्यांची गाडी मधे होती, आणि गाडी गेल्यावर तू पलीकडे पोचला होतास.

तर जे पुलावर म्हणायचं होतं ते इथे म्हणते. चूक माझी होती. दार मी लावलं होतं, सहा वर्षं माझी होती, सही माझी होती. तू माझ्या लेकीचा पाठीराखा झालास तेव्हाही मी बरोबर नव्हते आणि आता झालास तेव्हाही मी लायक नव्हते. तरी माझ्या पोरांना तू छप्पर दिलंस, त्यांचे कागद दोऱ्यानं बांधलेस, माझ्या परवानगीशिवाय कात्री उचलली नाहीस. ओर्तेन्सियानं सव्वीस दिवस माझ्याबद्दल एकही वाकडा शब्द पोरापुढे काढला नाही, हे मला पोरानंच सांगितलं. मी विचारलं, आजीबद्दल काय म्हणायची? म्हणाला, ती म्हणायची तुझी आजी सार जास्त चांगलं करते. हे खोटं आहे. ते आम्हा दोघींनाही माहीत आहे. तिचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही.

योव्हानालाही सगळं सांगितलं. दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी माझ्याकडे आली आणि म्हणाली, आई, त्या खणात अजून काय काय आहे ते काढ. आम्ही दोघींनी तो रिकामा केला. घाबरू नकोस, बाकी नुसती बटणं होती.

गेल्या मंगळवारी एलियोनं दुरुस्तीसाठी अंगठा दिला. खिडकीत तीच मुलगी होती, या वेळी नाव विचारलं: जंडिरा. तिनं पडदा माझ्याकडे फिरवला आणि म्हणाली, नीट वाचा आजी. मी प्रत्येक ओळीवर बोट ठेवून, मोठ्यानं, सावकाश वाचलं. मागच्या रांगेतून कोणीतरी म्हणालं, आजी, आम्हाला संध्याकाळच्या आत घरी जायचंय. मी म्हटलं, मलाही जायचंय बाबा, म्हणून तर वाचतेय. जंडिरा त्याला म्हणाली, थांबा की. आणि मी शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. सही नंतर केली.

बाहेर पडले आणि दुसऱ्या दिवशी, कोणालाही न सांगता, आपल्या देशाच्या वकिलातीत गेले. माझं ओळखपत्र नवं करायला. चौदा वर्षं मी म्हणत आले की मला ते कशाला हवंय, मला कुठे परत जायचंय. तिथल्या बाबूनं फोटो काढला, फॉर्म भरला, सगळं मी वाचलं, सगळं बरोबर. मग म्हणाला, बोटं ठेवा काचेवर. ठेवली. यंत्र काही घेईना. पुसून ठेवली. घेईना. त्यानं माझा हात हातात घेऊन उजेडात पाहिला आणि विचारलं, शिवणकाम किती वर्षं? म्हटलं, एकेचाळीस. म्हणाला, "मावशी, कापडानं रेघा घासून गेल्यात. तुमच्या बोटावर तुम्ही उरलाच नाहीत." वाईट हेतूनं म्हणाला नाही. म्हणाला, आठ दिवस सुई नको, कापड नको, साबण नको. ग्लिसरीन लावा. गुरुवारी, अठरा तारखेला, परत या, बघू रेघा वर येतात का.

तर मी बसलेय. योव्हानानं मशीनची सुई काढून नेली, माझ्यावर भरवसा नाही म्हणून. भांडी विल्नेर घासतो, ते काही नवं नाही. एलियो रोज सकाळी माझी दहाही बोटं उन्हात धरून तपासतो, मोठ्या साहेबासारखा. पहिले दोन दिवस मान हलवायचा, नाहीत आजी. काल म्हणाला उजव्या अंगठ्यावर एक आहे, पण ती सुरकुती असेल. आज म्हणाला, तीन आहेत, आणि त्या वाकड्या नाहीत.

गुरुवारी जाते. यंत्रानं घेतलं तर ठीक, नाही घेतलं तर अजून आठ दिवस बसेन, मला आता घाई नाही आणि कंटाळाही नाही. ओळखपत्र हातात आलं की त्याच बसनं येते. तू पुलावर यायचं नाहीस. घरीच थांब. दार मी वाजवीन.

तुझी ताई,
निकानोरा